कुलाब्याची चुंबकशाळा : दगडापासून नॅनोकणापर्यंत

कुलाब्याच्या टोकाला, समुद्राच्या कुशीत, चुंबकत्वाचा अभ्यास करणाऱ्या दोन संस्था वेगवेगळ्या काळात वाढल्या. पहिली कुलाबा वेधशाळा, १८२६ सालची. दुसरी टाटा मूलभूत संशोधन संस्था. तिची सुरुवात १९४५ मध्ये झाली आणि १९६२ पासून ती कुलाब्याच्या स्वतःच्या वास्तूत आहे. पहिलीने पृथ्वीचे चुंबकत्व मोजले, दुसरीने पृथ्वीच्या पाठीवरच्या दगडाचे. त्या दगडाच्या नादाने दुसरी संस्था काही दशांश-शतांश मायक्रॉनच्या कणांपर्यंत जाऊन पोचली. ‘नॅनो’ हा शब्द वर्तमानपत्रांत रुळण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

टाटा संस्थेचा इतिहास बहुधा विश्वकिरण, गणित आणि अणुकार्यक्रम यांच्या अंगाने सांगितला जातो, आणि ते रास्तही आहे. चुंबकत्वाचे दालन त्यात कोपऱ्यात राहते. पण पूर्व विदर्भातल्या विज्ञानशिक्षकाला आणि विद्यार्थ्याला या संस्थेकडून हाताशी धरावे असे काही मिळाले असेल, तर ते याच दालनातून. म्हणून हा इतिहास त्या एका शाखेपुरता.

पूर्वपीठिका : सुईचा काळ

कुलाबा वेधशाळेत १८४१ मध्ये आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. टांगलेली चुंबकसूची, तिच्यावरचा आरसा आणि दूर ठेवलेली मोजपट्टी एवढीच सामग्री होती. २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरच्या प्रचंड उद्रेकानंतर पृथ्वीवर चुंबकीय वादळ आले, तेव्हा कुलाब्याच्या नोंदवहीत आडव्या बलाची सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण टिपली गेली. मुंबईत हे बल साधारण ३८ हजार नॅनोटेस्ला असते, हे ध्यानात घेतले म्हणजे घसरणीचा आकार कळतो. ही नोंद २००३ मध्ये नव्याने अभ्यासली गेली आणि त्या वादळाचा जगातला सर्वांत बोलका पुरावा म्हणून तिच्याकडे पाहिले जाऊ लागले.

१८९६ मध्ये नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या होत्या, आणि त्यांच्या विद्युतप्रवाहाने सूचीच्या नोंदी बिघडणार हे उघड होते. मूस यांनी चुंबकीय विभाग खाडीपलीकडे अलिबागला हलवला. तिथल्या इमारतीच्या बांधकामात चुंबकीय साहित्याला मज्जाव होता. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, म्हणजे मालिका तुटू नये. १८४६ ते १९०५ या काळातील कुलाब्याच्या नोंदींचे त्यांनी केलेले संकलन १९१० मध्ये छापून निघाले. पुढे १९७१ मध्ये याच परंपरेतून भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त झाली. तिच्या वेधशाळांपैकी एक नागपूरला आहे.

दुसरी संस्था या परंपरेची वारस नव्हे. तिचे मूळ, तिची माणसे आणि तिचा पैसा सारेच निराळे. पण मोजमापाची मालिका तुटू द्यायची नाही, आणि त्यासाठी हवे ते उपकरण स्वतः उभे करायचे, ही शिस्त दोन्हींकडे सारखीच दिसते.

संस्थेची स्थापना

१२ मार्च १९४४ रोजी होमी भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या सोराब सकलातवालांना पत्र लिहिले आणि मूलभूत संशोधनासाठी भारतात एक संस्था हवी, असा प्रस्ताव मांडला. १ जून १९४५ रोजी बंगळुरूत काम सुरू झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात संस्था मुंबईला, पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ बंगल्यात आली. १९४९ मध्ये ती गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली. कुलाब्याच्या वास्तूची कोनशिला पंडित नेहरूंनी १ जानेवारी १९५४ रोजी बसवली आणि १५ जानेवारी १९६२ रोजी तिचे उद्घाटनही त्यांनीच केले.

चुंबकत्व या संस्थेत दोन दारांनी शिरले. एक दार अणुकेंद्राचे. स्टॅनफर्डला फेलिक्स ब्लॉख यांच्या प्रयोगशाळेत काम केलेले एस. एस. धर्मट्टी १९५०च्या दशकात संस्थेत आले आणि त्यांनी अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाची, म्हणजे आज ज्याला सगळे एनएमआर म्हणतात त्याची, प्रयोगशाळा उभी केली. त्याआधी १९५१ मध्ये अमेरिकेत अर्नोल्ड आणि पॅकार्ड यांच्यासह त्यांनी साध्या इथाइल अल्कोहोलच्या रेणूतले वेगवेगळे हायड्रोजन या तंत्राने वेगळे ओळखून दाखवले होते. धर्मट्टींच्या हाताखाली तयार झालेले आर. विजयराघवन पुढे दुर्मिळ मृदाधातूंच्या मिश्रधातूंकडे वळले, आणि घनपदार्थांच्या चुंबकत्वाचा मोठा गट त्यांच्याभोवती जमला.

दुसरे दार दगडाचे. या लेखाचा भर त्यावर आहे.

दख्खनचा दगड प्रयोगशाळेत

तप्त लाव्हा थिजताना त्यातले लोहखनिजांचे कण त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. कोट्यवधी वर्षांनीही दगड ती दिशा सांगू शकतो. महाराष्ट्राचा मोठा भाग सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या अशाच लाव्हाने, म्हणजे काळ्या बेसाल्टने, झाकलेला आहे. ब्रिटनमधून आलेल्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या दगडांवरचे आपले निष्कर्ष १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. हे दगड थिजले तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, असे त्यांतून निघत होते. खंड सरकतात हे तेव्हा बहुतेक भूशास्त्रज्ञांना पटत नव्हते.

टाटा संस्थेत सी. राधाकृष्णमूर्ती आणि पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे यांनी हे काम हाती घेतले. डॉइच यांच्यासह त्यांनी लिहिलेला दख्खनच्या पुराचुंबकत्वावरचा, म्हणजे दगडांत जपल्या गेलेल्या प्राचीन चुंबकत्वावरचा, निबंध १९५९ मध्ये आला. घाटाघाटांतून नमुने आणायचे, दगड जागेवर कोणत्या दिशेने होता ते खुणेने नोंदवायचे, त्याचे तुकडे कापायचे आणि मोजायचे, असे ते काम. सह्याद्रीतल्या खालच्या थरांत चुंबकाची दिशा आजच्या उलट आणि वरच्या थरांत आजच्यासारखी, हे त्यातून स्पष्ट होत गेले. दख्खनचा लाव्हा साचत असतानाच पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटले होते.

मात्र काम वाढत गेले तशी एक अडचण वारंवार पुढे येऊ लागली. एकाच थरातले दोन दगड दोन वेगळ्या गोष्टी सांगत. एकाने आपली दिशा घट्ट धरलेली, तर दुसऱ्याची दिशा किरकोळ क्षेत्रानेही बदलून जाई. रासायनिक तपासणीत दोघांत फारसा फरक दिसत नसे. दोघांतही मॅग्नेटाइटच्या जातीचे खनिज. मग कोणत्या दगडावर विश्वास ठेवायचा? या प्रश्नाने गटाची दिशा बदलली. पृथ्वीचा इतिहास दगडाला विचारण्याआधी दगडातला कण कसा आहे हे शोधणे भाग पडले.

कण किती मोठा?

याचे सैद्धांतिक उत्तर फ्रान्समध्ये लुई नील यांनी १९४९ मध्ये दिले होते, आणि तेही एका भूभौतिकी नियतकालिकात. सूक्ष्म कणांच्या चुंबकत्वाचा तो पायाभूत निबंध भाजलेल्या मातीच्या संदर्भात लिहिला गेला होता. नॅनोचुंबकत्वाचे शास्त्र भट्टीतल्या विटेच्या आणि ज्वालामुखीच्या दगडाच्या प्रश्नातून जन्मले, ही बाब पाठ्यपुस्तकांत क्वचित सांगितली जाते. नील यांना १९७० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

नील यांचे म्हणणे असे. मॅग्नेटाइटचा मोठा कण आपल्या आत अनेक विभाग पाडतो. प्रत्येक विभागाचे चुंबकत्व वेगळ्या दिशेला असते आणि विभागांमधल्या भिंती थोड्याशा क्षेत्रानेही सरकतात. असा कण जुनी दिशा फार काळ धरून ठेवू शकत नाही. कण लहान होत गेला की एक वेळ अशी येते की भिंत मावतच नाही, आणि सगळा कण मिळून एकच विभाग उरतो. हा एकविभागी कण सर्वांत चिवट; पुराचुंबकत्वाला तोच हवा असतो. कण आणखी लहान झाला, म्हणजे मॅग्नेटाइटच्या बाबतीत साधारण वीस-तीस नॅनोमीटरच्या खाली गेला, की खोलीच्या तापमानाची उष्णताच त्याची दिशा सतत उलटीपालटी करत राहते. कण चुंबकीयच असतो, पण त्याला स्मृती नसते. या अवस्थेला अतिअनुचुंबकत्व म्हणतात.

या दोन अवस्थांमधली सीमा विलक्षण तीव्र आहे, कारण दिशा टिकण्याचा काळ कणाच्या घनफळावर घातांकी रीतीने अवलंबून असतो. एखाद्या कणाची दिशा अर्धा सेकंद टिकत असेल आणि त्याचा व्यास दुप्पट केला, तर घनफळ आठपट होते आणि दिशा टिकण्याचा काळ विश्वाच्या वयालाही मागे टाकतो. खनिज तेच, रसायन तेच. बदलला तो आकार.

लिखित्यांचा लूप ट्रेसर

सिद्धांत होता, पण दगडातले कण वीस नॅनोमीटरचे की दोन हजारांचे हे ओळखायचे कसे? कणांना दगडातून सोडवून पाहणे अवघड, आणि सूक्ष्मदर्शकाखाली फक्त मोठेच दिसत. राधाकृष्णमूर्ती, सहस्रबुद्धे आणि एस. डी. लिखिते यांनी चुंबकीय वर्तनालाच कणाचा आकार विचारायचे ठरवले. १९६५ मध्ये उपकरणशास्त्राच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात या तिघांनी आपल्या यंत्राचे वर्णन छापले. खनिजे आणि दगड यांच्यासाठी प्रत्यावर्ती प्रवाहावर चालणारा हा हिस्टेरिसिस लूप ट्रेसर होता, म्हणजे बदलत्या क्षेत्रामागे रेंगाळणाऱ्या चुंबकत्वाचा बंद आलेख काढणारे यंत्र.

यंत्राची कल्पना सोपी आहे. घरातल्या विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तने करत दिशा बदलतो. तो विद्युतचुंबकातून सोडला की नमुन्यावरचे क्षेत्रही तसेच पुढेमागे होते. नमुन्याभोवतीच्या गुंडाळीत त्याच्या चुंबकत्वाच्या बदलामुळे विद्युतदाब निर्माण होतो. रिकाम्या क्षेत्राचा हिस्सा दुसऱ्या, उलट जोडलेल्या गुंडाळीने वजा करायचा, उरलेल्या संकेताचे समाकलन करायचे आणि तो ऑसिलोस्कोपच्या उभ्या अक्षाला द्यायचा. आडव्या अक्षाला क्षेत्र. पडद्यावर लूप उमटतो.

दगडाचा लहानसा तुकडा गुंडाळीत ठेवला की पडद्यावर काय दिसते, ते पाहण्यासारखे असते. मोठे, अनेकविभागी कण असतील तर कमी क्षेत्रातही बारीक पानाच्या आकाराचा लूप येतो. कण अतिअनुचुंबकीय असतील तर लूप उघडतच नाही, तिरपी रेघ दिसते. आता नमुन्यावर द्रव नायट्रोजन ओतायचा. तापमान उणे १९६ अंशांकडे जाऊ लागते, उष्णतेची धडपड मंदावते, कण आपली दिशा धरू लागतात आणि रेघेचा हळूहळू लूप होतो. ती रेघ कोणत्या तापमानाला फुगू लागली, यावरून कणांच्या आकाराचा अंदाज बांधता येतो. काही बेसाल्टांचे लूप मध्येच चिमटल्यासारखे दिसत. त्यावर लिखिते आणि राधाकृष्णमूर्ती यांनी १९६६ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये लिहिले.

उलट दिशेनेही तपासणी होई. नमुना भट्टीत तापवत त्याची चुंबकीय ग्रहणशीलता, म्हणजे लहानशा क्षेत्रात तो किती चुंबकित होतो ते, मोजायची. मॅग्नेटाइटचे चुंबकत्व सुमारे ५८० अंशांना, म्हणजे त्याच्या क्युरी तापमानाला, संपते. अनेकविभागी कणांची ग्रहणशीलता तिथपर्यंत साधारण सपाट राहते आणि मग कोसळते. एकविभागी कणांत मात्र कोसळण्याआधी ती उसळी घेते. अतिअनुचुंबकीय कणांत ती तापवू लागताच उतरू लागते. १९७० मध्ये या उसळीचा आणि क्युरी तापमानाचा बेसाल्टांमधला संबंध राधाकृष्णमूर्ती आणि लिखिते यांनी मांडला. दोन मोजमापे मिळून दगडाची जात ठरू लागली. १९९३ मध्ये राधाकृष्णमूर्तींचे बेसाल्टच्या चुंबकत्वावरचे पुस्तक भारतीय भूशास्त्रीय सोसायटीने काढले, त्यात या साऱ्या कामाचा आढावा आहे.

फेराइटच्या प्रयोगशाळांत

या यंत्राला दगड आणि कृत्रिम पदार्थ यांत फरक करण्याचे कारण नव्हते. मॅग्नेटाइट हेही एक फेराइटच. त्यातल्या लोहाच्या जागी थोडे निकेल, जस्त, तांबे किंवा मँगनीज बसवले की रेडिओच्या अँटेनाच्या कांडीपासून टीव्हीच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत उपयोगी पडणारे फेराइट तयार होतात. १९७० आणि ८०च्या दशकांत भारतातल्या विद्यापीठांत फेराइटवर काम करणारे गट उभे राहिले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात वैंगणकर, पाटील, चौगुले यांच्याभोवती, राजकोटच्या सौराष्ट्र विद्यापीठात आर. जी. कुलकर्णी यांच्याभोवती, आणि पुढे औरंगाबादच्या विद्यापीठात के. एम. जाधव यांच्याभोवती.

या गटांपुढची अडचण पैशाची होती. परदेशी बनावटीचे कंपन-नमुना मॅग्नेटोमीटर प्रत्येक विभागाला परवडणारे नव्हते. ऑक्साइडची भुकटी खलात घोटायची, गोळी दाबायची, भट्टीत हजार अंशांच्या वर भाजायची, एवढे कुठेही जमे. मोजायचे कशावर, हा प्रश्न उरे. उच्च क्षेत्राचा लूप ट्रेसर आणि ग्रहणशीलतेसाठीची दुहेरी गुंडाळीची मांडणी यांनी तो सोडवला. त्या काळातले फेराइटवरचे भारतीय निबंध चाळले तर प्रयोगपद्धतीच्या परिच्छेदात राधाकृष्णमूर्ती, लिखिते आणि सहस्रबुद्धे ही नावे पुन्हा पुन्हा भेटतात. संस्थेच्या मोठ्या शोधांच्या यादीत या यंत्राचा उल्लेख कदाचित नसेल. पण एका संस्थेचे काम दुसऱ्या संस्थेच्या प्रयोगवहीत रोजच्या रोज वापरले जाणे, याहून मोठी पावती विज्ञानात नसते.

मुंबईच्या दुसऱ्या बाजूला तुर्भ्याला न्यूट्रॉनांची सोय झाली होती. ‘अप्सरा’ अणुभट्टी ऑगस्ट १९५६ मध्ये आणि ‘सायरस’ जुलै १९६० मध्ये सुरू झाली. न्यूट्रॉनला स्वतःचे चुंबकत्व असल्याने फेराइटच्या जाळीत कोणता अणू कोणत्या दिशेने चुंबकित आहे हे तो दाखवतो. सत्यमूर्ती, बेगम आणि आयआयटी मुंबईचे श्रीवास्तव आदींनी १९६९ मध्ये निकेल-जस्त फेराइटांत चुंबकीय दिशा सरळ रेषेत न राहता तिरप्या कशा होतात, हे न्यूट्रॉनांनी मोजून दाखवले. लूप ट्रेसरवर चुंबकत्व का घटते आहे याचे कारण तिथे अणूच्या पातळीवर सापडे.

बारीक भुकटीचे दिवस

१९८०च्या दशकात टाटा संस्थेतच एम. एस. मुल्तानी, पुषन अय्यूब, व्ही. आर. पालकर आदींनी कणांचा आकार मुद्दाम घडवायला घेतला. आता दगड जे देईल ते मोजायचे नव्हते. तेलात तरंगणारे पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब घ्यायचे आणि रासायनिक क्रिया त्या थेंबांच्या आत होऊ द्यायची. थेंबापेक्षा मोठा कण होऊच शकत नाही. सूक्ष्मपायस नावाच्या या पद्धतीने नॅनोमीटरच्या मापाचे लोह-ऑक्साइड मिळाले.

मुस्तनसिर बर्मा आणि विजयराघवन यांच्यासह त्यांनी १९८८ मध्ये छापलेला निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखा आहे. लोह-ऑक्साइडचे नेहमीचे स्थिर रूप हेमॅटाइट, म्हणजे गेरूचा लाल रंग. त्याचे चुंबकत्व अगदी क्षीण. कण सुमारे ३० नॅनोमीटरच्या खाली गेला की त्याला हेमॅटाइटचे रूप सोडून मॅघेमाइटचे रूप पसंत पडते, आणि मॅघेमाइट जोरदार चुंबकीय असते. ऑडिओ कॅसेटच्या फितीवरचा तपकिरी थर याच मॅघेमाइटचा असे. कण लहान केला म्हणून त्याचे स्फटिकरूपच बदलले, तापमान किंवा दाब न बदलता. नॅनोपदार्थांचे आजचे सारे शास्त्र ज्या सूत्रावर उभे आहे, त्याचा हा स्वच्छ नमुना.

याच संस्थेत १९९४ मध्ये नागराजन आणि सहकाऱ्यांना निकेलयुक्त बोरोकार्बाइडांत सुमारे १२ केल्व्हिनला अतिवाहकता सापडली. निकेल हा चुंबकीय धातू. तो असलेल्या मिश्रणात इतक्या ‘वरच्या’ तापमानाला अतिवाहकता अपेक्षित नव्हती. याच कुळातल्या संयुगांत चुंबकत्व आणि अतिवाहकता एकत्र नांदतात, म्हणून जगभर त्यांच्यावर काम झाले. पालकर यांनी नंतर बिस्मथ फेराइटच्या पातळ थरांकडे मोर्चा वळवला. विद्युत आणि चुंबकीय दोन्ही गुण एकाच थरात असणारे हे पदार्थ.

उपयोग

मूलभूत संशोधनाच्या संस्थेला उपयोगाचा प्रश्न विचारला जातोच. एक उपयोग तर संस्थेच्या स्वतःच्या घरात होता. १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या तिच्या ‘टिफ्रॅक’ या संगणकाची स्मृती फेराइटच्या कड्यांची होती. ४० बिटांचे २०४८ शब्द, म्हणजे प्रत्येक बिटाला एक कडे धरले तर ८१ हजार ९२० कडी. कडे कोणत्या दिशेने चुंबकित आहे यावर शून्य किंवा एक. चुंबकाची स्मृती हाच त्या यंत्राचा मेंदू.

नॅनोरचनेचे उपयोग नंतर आले आणि ते कणाच्या त्याच दोन टोकांवर उभे आहेत. स्मृती हवी तिथे एकविभागी कण : फिती, चकत्या, कायमचे चुंबक. स्मृती नको तिथे अतिअनुचुंबकीय कण : बाहेरचा चुंबक आणला की गोळा होणारे, काढला की पुन्हा मोकळे सुटणारे. लोह-ऑक्साइडचे असे कण तेलात तरंगत ठेवले की चुंबकीय द्रव होतो. तो लाउडस्पीकरच्या गुंडाळीभोवती उष्णता वाहून नेण्यासाठी भरतात. हेच कण एमआरआयमध्ये प्रतिमा ठळक करतात. गाठीत हे कण पोचवून बाहेरून प्रत्यावर्ती क्षेत्र लावले तर ते ४२ ते ४५ अंशांपर्यंत तापतात आणि कर्कपेशींना इजा करतात. या चुंबकीय उष्णोपचारावर आयआयटी मुंबईत डी. बहादूर यांच्या गटाने दीर्घकाळ काम केले आहे. उष्णोपचारात मोजायची राशी म्हणजे दर फेऱ्याला किती उष्णता बाहेर पडली. ती हिस्टेरिसिस लूपच्या क्षेत्रफळाएवढी असते, म्हणजे लिखित्यांच्या पडद्यावरचाच आकार.

नॅनोरचना वीजव्यवस्थेतही शिरली. १९८८ मध्ये जपानच्या योशिझावा आणि सहकाऱ्यांनी लोखंडाच्या अस्फटिक पट्टीतून सुमारे १० नॅनोमीटरच्या स्फटिककणांचा मिश्रधातू तयार केला. एकमेकांना खेटलेले कण इतके लहान झाले की चुंबक उलटवण्यासाठी लागणारे क्षेत्र कणाच्या व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात घटते. कण निम्म्यावर आला की विरोध चौसष्टपट कमी. करंट ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात आणि गळतीरोधक स्विचमध्ये या पट्ट्या वापरल्या जातात.

बोदलकशाच्या बाजूने

गोंदिया जिल्ह्यात दख्खनचा बेसाल्ट नाही. आपल्याकडचे खडक त्याहून फार जुने, रूपांतरित. त्यामुळे कुलाब्याच्या दगडांचा इतिहास आपला नव्हे असे वाटू शकते. प्रत्यक्षात तीन गोष्टी आपल्याला त्याच्या जवळ नेतात.

पहिली, मँगनीज. नागपूर-भंडारा-बालाघाटचा पट्टा मँगनीजसाठी ख्यात आहे. डोंगरी बुजुर्ग आणि चिखला या खाणी शेजारच्या भंडारा जिल्ह्यात आहेत. नागपूर जिल्ह्यातल्या बेलडोंगरीच्या खनिजाला भूशास्त्रज्ञ लुई ली फर्मोर यांनी १९०८ मध्ये ‘व्रेडेनबर्गाइट’ हे नाव दिले. ते काळे मँगनीज-खनिज लोहचुंबकाला जोरात धरत होते. पुढे कळले की ते एकच खनिज नसून मँगनीज फेराइट आणि हाउसमॅनाइट यांचे एकमेकांत रुतलेले पापुद्रे आहेत. प्रयोगशाळेत आज ज्याला नॅनोसंमिश्र म्हणून घडवतात, त्याच्या वंशातली ही निसर्गाची घडण. मँगनीज-जस्त फेराइट हे तर ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याचे रोजचे सामान.

दुसरी, आग. ज्या जमिनीवरून आग जाते तिथल्या मातीतल्या लोहसंयुगांचे मॅग्नेटाइट आणि मॅघेमाइट होते, तेही नॅनोमीटरच्या मापाचे. फ्रेंच संशोधक ल बोर्न्य यांनी १९५०च्या दशकात हे दाखवले. आपल्या जंगलांत मोहफुले वेचण्याआधी झाडाखालचा पाचोळा जाळतात, उन्हाळ्यात वणवेही लागतात. तिरोडा तालुक्यातला बोदलकसा तलाव १९१७ सालचा, मातीच्या धरणाचा, भोवती जंगलाच्या टेकड्या. शंभराहून अधिक पावसाळ्यांत त्या टेकड्यांची माती त्याच्या तळाशी थरावर थर साचलेली असणार. अशा गाळाचा उभा नमुना काढून प्रत्येक थराची ग्रहणशीलता मोजली, आणि दोन वेगळ्या वारंवारतांना मोजून अतिअनुचुंबकीय कणांचा हिस्सा वेगळा केला, तर वणव्यांच्या वर्षांचा माग काढता येईल. तलावांच्या गाळावर असे काम जगात रूढ आहे. महाराष्ट्रात लोणार सरोवराच्या गाळाचाही चुंबकीय अभ्यास झालेला आहे. मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या या मुलखात अभ्यासाला गाळ कमी पडण्याची भीती नाही.

तिसरी, राख. तिरोड्याला ३३०० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे. दगडी कोळशातल्या लोहखनिजाचे ज्वलनात वितळून मॅग्नेटाइटचे सूक्ष्म, गोल मणी होतात. हे मणी आकाराने आणि चुंबकीय वर्तनाने मातीतल्या कणांपासून वेगळे ओळखता येतात. राखेचा बांधकामात उपयोग करताना हा चुंबकीय भाग वेगळा काढता येतो का, हा विद्यार्थ्यांसाठी चांगला प्रकल्प आहे.

पुढचे काम

या शाखेच्या इतिहासातून हाती काय लागते? कुलाब्यातल्या माणसांनी नॅनोपदार्थ शोधायला सुरुवात केली नव्हती. दगड खरे बोलतो की नाही, एवढेच त्यांना ठरवायचे होते. त्या प्रामाणिक शंकेने त्यांना कणाच्या आकारापर्यंत नेले, आणि आकार मोजण्यासाठी बनवलेले यंत्र त्यांच्या संस्थेच्या भिंती ओलांडून कोल्हापूर, राजकोट, औरंगाबादला गेले. उपयोग मागाहून आले, आणि मोजमाप पक्के होते म्हणूनच आले.

आज तेच यंत्र उभे करणे १९६५ पेक्षा सोपे आहे. पन्नास हर्ट्झची वीज प्रत्येक महाविद्यालयात आहे. पदवीच्या प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोप असतो. समाकलनाचे काम दोन-तीनशे रुपयांच्या इलेक्ट्रॉनिक सामानात होते, आणि गुंडाळी हाताने गुंडाळता येते. द्रव नायट्रोजनची नळकांडी पशुवैद्यकीय दवाखान्यांत कृत्रिम रेतनासाठी ठेवलेली असतात, तेव्हा उणे १९६ अंशही तालुक्याच्या ठिकाणी दुर्मिळ राहिलेले नाहीत. मँगनीजचा खडा शेजारच्या जिल्ह्यातून येईल, गाळ बोदलकशाचा. पहिला लूप वाकडा येईल, भरपाईची गुंडाळी पुन्हा जुळवावी लागेल, चुंबकत्वाचे मापन निकेलच्या ज्ञात नमुन्याने तपासावे लागेल. कुलाब्याच्या प्रयोगशाळेचे कामही याच पायऱ्यांनी पुढे गेले होते, आणि आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाने ते सुरू करायला हरकत नाही.